छापील गाईडबुक घेऊन नॅशनल पार्कची ट्रिप: कुणी अजून आखतं का?

ऋता_व
सप्टेंबरच्या शेवटी सासू-सासरे इकडे अमेरिकेत आमच्याकडे असतील. तेव्हा लास व्हेगसला उतरून झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन असा आठवडाभराचा बेत आहे. सासूबाईंचे गुडघे बेताचेच, सासरे टुणटुणीत, आणि लेकाला एका जागी बसवत नाही.

आमच्या काउंटी लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये नैऋत्येकडच्या पार्कांचं एक जाडजूड गाईडबुक मिळालं. २०१९ ची आवृत्ती आहे. नवरा म्हणतो, फोन हातात असताना ही वीट कशाला हवी? मला मात्र फोनवर वाचून काहीच ठरवता येत नाहीये. ढीगभर टॅब उघडे आहेत. जो तो 'हे चुकवू नका, ते चुकवू नका' म्हणतोय, पण काय चुकवलं तरी चालेल ते एकही जण सांगत नाही.

तर विचारायचं असं की, छापील पुस्तक घेऊन कुणी अजून ट्रिप आखतं का? इतकी जुनी आवृत्ती चालेल का? आणि नेमकं वापरता कसं?

नकाशेवाला
ऋता, वीट असू दे, पण टाकू नका!

गाईडबुकचं खरं काम बुकिंगच्या आधीचं असतं. कुठे जायचं, कशामागून काय घ्यायचं, कुठे किती वेळ द्यायचा आणि काय सोडून द्यायचं, हे एकदा ठरलं की पुस्तक मिटून कॉम्प्युटर उघडायचा. आपण बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतो. आधी स्वस्त हॉटेल दिसतं, ते बुक होतं, मग त्या हॉटेलाभोवती ट्रिप रचत बसतो.

तुमच्याच पुस्तकात ग्रँड कॅन्यनचं प्रकरण उघडा. सुरुवातीच्या पानांत पूर्ण पार्कचा नकाशा असेलच. एक बोट साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर ठेवा आणि दुसरं नॉर्थ रिमवर, म्हणजे उत्तर काठावर. मधलं अंतर सरळ रेषेत जेमतेम १० मैल. पायी गेलात तर २१ मैल, तेही दरीच्या तळापर्यंत उतरून पलीकडे पुन्हा चढत. गाडीने मात्र साधारण २२० मैल आणि पाच तास, कारण कोलोराडो नदी ओलांडायला गाडीला वरच्या अंगाला पार मार्बल कॅन्यनपर्यंत जावं लागतं. फोनवर 'ग्रँड कॅन्यनची टॉप ठिकाणं' असं शोधलं की दोन्ही काठांवरची ठिकाणं एकाखाली एक येतात, जणू सकाळी हे आणि दुपारी ते. नकाशाचं पान समोर असलं की हा घोळ होतच नाही.

दुसरं म्हणजे उंची. झायनचा तळ समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांच्या आसपास, साउथ रिम ७,०००, आणि ब्राइसचा काठ ८,००० ते ९,००० फूट. सप्टेंबरच्या शेवटी झायनमध्ये दुपारी ऊन चटका देतं आणि त्याच रात्री ब्राइसमध्ये पारा गोठणबिंदूच्या आसपास जाऊ शकतो. तिन्ही पार्कं एकाच पुस्तकात शेजारी शेजारी असली की हे नजरेत भरतं. तीन वेगळ्या वेबसाइटवर ते तीन वेगळे आकडे राहतात आणि सासूबाईंचा स्वेटर घरी राहतो.

तिरकसराव
नकाशेवाला, भाषण छान. पण २०१९ चं पुस्तक म्हणजे माहिती गोळा झाली २०१८ ला, किंवा त्याही आधी. एवढ्या काळात काय काय झालं ते ऐका.

झायनमधला वीपिंग रॉक. त्या पुस्तकात 'कुटुंबासाठी सोपी वाट' म्हणून नक्की असणार. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे वरून मोठी दरड कोसळली आणि ती वाट बंद झाली. तिथूनच वर जाणारी ऑब्झर्वेशन पॉइंटची वाटही बंद झाली. म्हणजे पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच.

झायनमधलाच एंजल्स लँडिंग, साखळ्या धरून चढायचा सुळका. पुस्तक म्हणेल 'पहाटे लवकर जा, गर्दी टळेल'. १ एप्रिल २०२२ पासून तिथे साखळ्यांच्या टप्प्यावर जायला लॉटरीतून परमिट लागतं. पहाटे गेलात काय नि दुपारी गेलात काय, परमिट नसेल तर खाली.

नॉर्थ रिमवरचं जुनं ग्रँड कॅन्यन लॉज. प्रत्येक पुस्तकात त्याच्या काचेच्या खिडक्यांतून दिसणाऱ्या दरीवर एक परिच्छेद असतोच. जुलै २०२५ च्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात ते लॉज जळून गेलं.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, ऋता. पुस्तकात लिहिलं असेल 'वार्षिक पास ८० डॉलर, सगळी गाडी आत'. १ जानेवारी २०२६ पासून ८० डॉलरचा पास फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांना, तोही ओळखपत्र दाखवून. बाहेरून आलेल्यांसाठी वार्षिक पास २५० डॉलर. आणि पास नसेल तर ठरावीक ११ पार्कांत १६ वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्यांना नेहमीच्या फीवर माणशी आणखी १०० डॉलर. झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन ही तिन्ही त्या अकरांत आहेत. तुमच्या गाडीत दोन्ही प्रकारची माणसं असणार, तेव्हा पार्कच्या फीच्या पानावरचे आजचे नियम वाचून मगच पास घ्या.

आता सांगा, वीट कशाला?

ऋता_व
बाप रे. फीचं हे माहीतच नव्हतं. सासरे 'आपल्यामुळे खर्च वाढला' म्हणून आधीच चुकचुकत असतात, त्यांना हा धागा दाखवायला नको.

वीपिंग रॉक पुस्तकात खरंच आहे. बाजूला लहान मुलाचं चित्रसुद्धा आहे!

मेधा_के
तिरकसराव म्हणतात ते सगळं बरोबर, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. पुस्तकातलं काय शिळं होतं आणि काय होत नाही, हे एकदा कळलं की जुनी आवृत्तीही बिनधास्त वापरता येते. किंमती, परमिट, शटलचं (पार्कच्या आतल्या बसचं) वेळापत्रक, हॉटेलं ही एका वर्षात शिळी होतात. दरी कुठून चांगली दिसते, सकाळचा प्रकाश कुठल्या बाजूला पडतो, कुठला रस्ता बर्फामुळे किती महिने बंद असतो, हे वर्षानुवर्षं तेच राहतं.

कधी कधी नावंसुद्धा बदलतात, ही एक गंमत. योसेमिटीमधलं अहवानी हॉटेल २०१६ ते २०१९ या काळात 'मॅजेस्टिक योसेमिटी' होतं, आणि करी व्हिलेजचं 'हाफ डोम व्हिलेज' झालं होतं. ही हॉटेलं चालवणाऱ्या आधीच्या ठेकेदाराने नावांवर ट्रेडमार्कचा हक्क सांगितला आणि कोर्टकचेरी झाली, म्हणून पाट्या बदलल्या. २०१९ ला तडजोड झाली आणि जुनी नावं परत आली. त्या मधल्या काळात छापलेलं पुस्तक कुणाकडे असेल तर त्यातली हॉटेलं शोधूनही सापडायची नाहीत. ग्रेट स्मोकीजमधलं क्लिंगमन्स डोमही २०२४ पासून कुवोही झालं आहे.

उलट एक धोका नव्या पुस्तकांतही आहे. झायनच्या शटलला २०२० च्या उन्हाळ्यापासून जवळजवळ वर्षभर तिकीट काढावं लागत होतं, करोनामुळे. नंतर ते बंद झालं आणि आता पूर्वीसारखंच फुकट चढता येतं. त्या काळात छापलेल्या आवृत्तीत तिकिटाचं पान असेल, ते तुमच्या २०१९ च्या पुस्तकात नसेल. म्हणजे या बाबतीत जुनंच पुस्तक जास्त बरोबर!

तिरकसराव
मेधाताई, हा वकिली मुद्दा झाला.

अवनि_पी
मी लायब्ररीवाली आहे, त्यामुळे थोडं पुस्तकांच्या बाजूने बोलते.

गाईडबुक हातात घेतलं की मुखपृष्ठावरचं वर्ष बघू नका, आतलं कॉपीराइटचं पान बघा. कितवी आवृत्ती, आधीची कधीची, नुसतं पुनर्मुद्रण आहे का खरंच सुधारून काढली आहे, हे तिथे कळतं. काही मालिकांत मुखपृष्ठ नवं आणि मजकूर तोच असतो.

दुसरी युक्ती म्हणजे पुस्तक विकत घ्यायच्या आधी त्यातलं आपण पाहिलेलं एखादं ठिकाण काढून वाचायचं. लेखक त्या जागी खरंच गेला होता की माहितीपत्रक वाचून लिहिलंय, ते दोन परिच्छेदांत समजतं. पार्किंग सकाळी किती वाजता भरतं, स्वच्छतागृह ट्रेलच्या सुरुवातीला आहे की अलीकडच्या वळणावर, असलं काही लिहिलं असेल तर माणूस जाऊन आलेला आहे. नुसतं 'नयनरम्य', 'अविस्मरणीय' असेल तर ठेवून द्या परत.

आणि लेखक कोण आहे तेही बघा. गिर्यारोहकाने लिहिलेल्या पुस्तकात 'मध्यम' म्हटलेली वाट सासूबाईंसाठी मध्यम नसते. अशा वेळी विशेषणं सोडून आकडे वाचायचे: एकूण लांबी किती, चढ किती, आणि चढ आधी आहे की शेवटी.

हे शेवटचं ब्राइससाठी फार महत्त्वाचं. डोंगरावर आपण आधी चढतो आणि दमलो की उतरून येतो. ब्राइसमध्ये गाडी काठावर असते, उतरणं आधी आणि चढणं नंतर. क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप मिळून जेमतेम तीन मैल, चढ सहाशे फुटांच्या वर, आणि तो सगळा चढ पाय दमल्यावर, ८,००० फुटांवरच्या विरळ हवेत. लेक आणि सासरे जाऊ देत खाली. सासूबाईंसाठी सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट हा काठावरचा अर्ध्या मैलाचा पक्का रस्ता आहे. बाकं आहेत, आणि खालचे ते लाल-केशरी सुळके तिथूनच उत्तम दिसतात.

ऋता_व
अवनि, हे सोन्यासारखं आहे. धन्यवाद! पुस्तकात ट्रेलच्या चौकटीत चढ लिहिलाय पण मी नुसती लांबी बघत होते.

कुंदा_मावशी
मध्येच विचारते, रागावू नका. आम्ही जुलैत यलोस्टोनला जाणार. तिथेही पुस्तक घ्यावं का? मुलगा म्हणतो ॲप आहे.

मेधा_के
मावशी, यलोस्टोनला तर नक्की घ्या. तिथला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे, १४२ मैलांचा, आणि पार्कला पाच प्रवेशद्वारं आहेत. राहायची जागा चुकीच्या टोकाला घेतली तर रोज दोन-तीन तास नुसते येण्याजाण्यात जातात. वेगमर्यादा ४५ मैल, आणि रस्त्यात गवे उभे राहिले की तीही कागदावरच. चांगल्या पुस्तकात वरचं वर्तुळ एका दिवशी आणि खालचं दुसऱ्या दिवशी, अशी विभागणी नकाशासकट असते. हेडन आणि लामार ही खोरी पहाटे किंवा संध्याकाळी, गीझर मधल्या वेळात. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतो, त्यामुळे त्याच्यासाठी दिवस अडवून ठेवू नका. पुढची अंदाजी वेळ तिथे लावलेली असते.

फक्त रस्ते आणि वाटांची आजची स्थिती पार्कच्या साइटवर बघायची. जून २०२२ च्या पुरात उत्तरेचा गार्डिनर-मॅमथ रस्ता वाहून गेला आणि नवा रस्ता दुसऱ्याच बाजूने काढला. बिस्किट बेसिनमध्ये जुलै २०२४ ला जमिनीखालच्या वाफेचा स्फोट झाला, लाकडी वाट फुटली. हे जुन्या पुस्तकात मिळणार नाही.

गव्यांपासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड लांब राहायचं. हे मात्र सगळ्या आवृत्त्यांत सारखंच सापडेल. :)

उत्तरा_क
ऋता, एक वेगळा मुद्दा मांडते, कारण तुझ्याकडे वडीलधारी माणसं येणार आहेत.

फोनवर आखलेली ट्रिप एकाच्या खिशात असते. बाकीचे नुसते 'आता कुठे?' विचारत मागच्या सीटवर बसतात. माझे बाबा आले तेव्हा आर्चेस आणि कॅन्यनलँड्सचं पुस्तक मी जेवणाच्या टेबलावर टाकून ठेवलं होतं. काही सांगितलं नाही. दोन दिवसांत त्यांनी पेन्सिल घेऊन प्रत्येक वाटेसमोर चढ मीटरमध्ये काढून लिहायला सुरुवात केली. डेलिकेट आर्चसमोर लिहिलं होतं: 'येऊन-जाऊन ३ मैल, ४८० फूट म्हणजे १४६ मी., सावली नाही'. आणि खाली बारीक अक्षरात: 'मी लोअर व्ह्यूपॉइंटला थांबेन, तुम्ही वर जा'. तो खालचा व्ह्यूपॉइंट गाडीतळापासून शंभर यार्डांवर आहे, सपाट वाट. मी त्यांना सुचवलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. 'मी काय म्हातारा झालो?' हे वाक्य ठरलेलं. पुस्तकात त्यांनी स्वतः वाचलं आणि स्वतः ठरवलं.

तेव्हा सासऱ्यांना ते पुस्तक आताच पाठवून दे, किंवा ग्रँड कॅन्यनच्या पानांचे फोटो तरी. ते तुझ्यापेक्षा जास्त तयारी करून येतील बघ.

तिरकसराव
उत्तरा यांचा मुद्दा मान्य. या एका कारणासाठी पुस्तक घ्यायला माझी हरकत नाही. आमच्या घरी मात्र पुस्तक कुणाच्या मांडीवर, यावर भांडण होईल.

हिमांशु_डी
बायको उन्हाळ्यात एका पार्कच्या व्हिजिटर सेंटरला स्वयंसेवक असते, तिच्याकडून ऐकलेलं सांगतो.

काउंटरवर रोज शेकडो लोक 'आमच्याकडे तीन तास आहेत, काय बघू?' असं विचारतात. त्यांना नकाशावर तीन गोल करून देतात. पण ज्यांच्या हातात खुणा केलेलं गाईडबुक असतं त्यांना वेगळी उत्तरं मिळतात. 'ही वाट निवडलीय, पण या आठवड्यात हिच्यापेक्षा ती बरी का?' असं विचारलं की रेंजरही खुलतो. म्हणजे पुस्तक नेमका प्रश्न विचारायला शिकवतं आणि ताजं उत्तर काउंटरवर मिळतं.

तिथेच फुकट मिळणारं घडीचं माहितीपत्रक, वर काळी पट्टी असलेलं, ते जपून ठेवा. मासिमो विन्येली या डिझायनरने १९७७ साली हा साचा बसवून दिला आणि अजून सगळ्या पार्कांची पत्रकं त्याच घडणीची असतात. त्यातला नकाशा बऱ्याच महागड्या पुस्तकांपेक्षा चांगला असतो. शटलच्या वेळा आणि हंगामी कार्यक्रमांचं वेगळं पत्रक मिळालं तर तेही घ्या. मुलाला ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागा, ती भरून दिली की शपथ घेऊन बिल्ला मिळतो.

आणि जीपीएसबद्दल. डेथ व्हॅलीत पार्कवालेच बजावतात की जीपीएसवर विसंबू नका, नकाशा सोबत ठेवा. कधीकाळी बुजलेले कच्चे रस्तेही त्यात रस्ते म्हणून दिसतात आणि माणसं भर उन्हात भलतीकडे जाऊन अडकतात. ज्या जागी १९१३ साली १३४ अंश फॅरनहाइटची नोंद झाली तिथे असलं धाडस परवडत नाही. तुम्ही त्या बाजूला जात नाही हे माहीत आहे, तरी लास व्हेगसहून जवळ आहे म्हणून वाट वाकडी करायचा मोह होतो बऱ्याच जणांना.

तिरकसराव
ऑफलाइन नकाशे नावाची गोष्ट असते, हिमांशु. पार्क सर्व्हिसचं स्वतःचं ॲपही आहे, त्यात आख्खा पार्क आधी डाउनलोड करून ठेवता येतो. वाटा, स्वच्छतागृहं, शटलचे थांबे, सगळं. झायनच्या दरीत नेटवर्क नसतानाही चालतं.

नकाशेवाला
दोन्ही ठेवा की. ॲप हे 'आत्ता मी कुठे आहे' यासाठी, पुस्तक 'उद्या कुठे असावं' यासाठी. यात भांडण्यासारखं काय आहे?

ऋता, एक व्यवहाराची गोष्ट. तुमची स्वतःची प्रत आहे ना, मग कटरने बाइंडिंगपाशी चिरून तीन पार्कांची प्रकरणं वेगळी काढा, प्रत्येकाला स्टेपल मारा, कडेला सेलोटेप लावा. उरलेलं पुस्तक घरी. पाठपिशवीत त्या दिवशीच्या पार्कची तेवढी पानं. पुस्तकावर प्रेम असणाऱ्यांना हे पाप वाटतं, पण डोंगरात अख्खी वीट कुणी वाहत नाही आणि मग ती गाडीतच राहते.

अवनि_पी
मी हे वाचलं नाही असं समजते.

उत्तरा_क
:)) अवनि, लायब्ररीच्या प्रतीवर कुणी हा प्रयोग केला नाही म्हणजे झालं.

ऋता_व
सगळ्यांचं वाचून काल रात्री पुस्तक, वही आणि पार्कच्या साइट असं एकत्र घेऊन बसले. नवराही बसला, आणि नकाशाचं पान त्याने अजून परत दिलेलं नाही.

सध्याचा बेत असा. व्हेगसहून झायन, साधारण १६० मैल. झायनमध्ये गाडी ठेवून शटल, शेवटच्या थांब्यावरून रिव्हरसाइड वॉक. पुस्तक म्हणतं नदीकाठची पक्की वाट, येऊन-जाऊन २.२ मैल, सासूबाई जमेल तेवढं चालून परत फिरतील. एंजल्स लँडिंग सोडलं. मग ब्राइस, अवनिने सांगितलं तसं. तिथून ॲरिझोनातलं पेज हे शहर, त्याच्याजवळचं हॉर्सशू बेंड आणि अँटिलोप कॅन्यन. मग साउथ रिमला मुक्काम आणि परत व्हेगस. नॉर्थ रिम रद्द.

आता दोन शंका. हॉर्सशू बेंडला आणि अँटिलोपला पार्कचा पास चालेल का? आणि साउथ रिमवर सासूबाईंना काय दाखवता येईल? पुस्तकात तर सगळे दरीत उतरायचेच ट्रेल आहेत.

नकाशेवाला
बेत छान झालाय.

पास दोन्हीकडे चालत नाही. हॉर्सशू बेंडचं पार्किंग पेज शहराचं आहे, गाडीमागे १० डॉलर. अँटिलोप नवाहो नेशनच्या जमिनीवर आहे आणि तिथे गाईडशिवाय जाताच येत नाही. टूर आधी बुक करावी लागते, ती आताच बघा. वरची आणि खालची अशा दोन घळी आहेत. खालच्या घळीत लोखंडी जिन्यांवरून उतरावं-चढावं लागतं. सासूबाई असतील तर वरची घ्या, ती जमिनीच्या पातळीवरून सुरू होते. बुक करताना परतीची वाट कशी आहे तेवढं टूरवाल्यांना विचारा.

साउथ रिमला पेजहून जाताना कॅमेरॉनमार्गे पूर्वेच्या दाराने आत शिरा. दाराजवळच डेझर्ट व्ह्यूचा दगडी मनोरा आहे, मेरी कोल्टर या वास्तुकार बाईंनी १९३२ मध्ये बांधलेला. तिथून काठावरच्या ग्रँड कॅन्यन व्हिलेज या गावापर्यंत २५ मैलांचा रस्ता काठाकाठाने जातो, जागोजाग थांबे आहेत. गाडीतून उतरायचं, दरी बघायची, पुन्हा बसायचं. त्या एका रस्त्यावर सासूबाईंची निम्मी ग्रँड कॅन्यन होते. पश्चिमेकडचा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्यांना बंद असतो, फुकट शटल चालते. शटलमध्ये चढउतार जमत नसेल तर चालायला त्रास असणाऱ्यांसाठी गाडी आत नेण्याचा परवाना मिळतो. व्हिजिटर सेंटरला विचारा.

अवनि_पी
आणि ट्रेल ऑफ टाइम! तुमच्या पुस्तकात असायला हवा, इंडेक्समध्ये शोधा. याव्हापाई म्युझियमपासून गावाकडे काठावरची पक्की, सपाट वाट. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, असं धरून वाटेवर खुणा केल्यात आणि त्या त्या काळचे दरीतले खडक बाजूला मांडलेत, हात लावून बघता येतात. सासऱ्यांना तिथून हलवावं लागेल.

ऋता_व
सापडला, पान चाळताना दोनदा हुकला होता. चौकटीत नाही, मजकुरात एका ओळीत आहे.

तिरकसराव
शेवटचं खुसपट काढतो. वेळेचं बघितलंत का? व्हेगसहून युटाहमध्ये शिरलात की घड्याळ एक तास पुढे. युटाहमधून पेजला आलात की ॲरिझोना, तिथे उन्हाळी वेळ पाळत नाहीत, म्हणून एक तास मागे. पण ॲरिझोनातल्याच नवाहो नेशनमध्ये उन्हाळी वेळ पाळतात. पेजच्या आसपास फोनने कुठला टॉवर पकडला त्यावर त्याचं घड्याळ इकडचं तिकडे होतं.

नकाशेवाला
हे बरं आठवलंत. अँटिलोपच्या टूर पेजच्या वेळेने चालतात, जमीन नवाहोंची असली तरी. ब्राइसहून त्याच दिवशी येणार असाल तर तो एक तास तुमच्या फायद्याचा. ऋता, फोनचं आपोआप वेळ बदलणं त्या दिवसापुरतं बंद करा आणि ॲरिझोनाची वेळ हाताने लावा. सासऱ्यांच्या मनगटावर घड्याळ असेल तर पेजला पोचल्यावर तेही लावून घ्या, आणि टूरला त्यांचंच घड्याळ प्रमाण माना.

ऋता_व
लिहून घेतलं. टूर सकाळी साडेदहाची मिळतेय, बुक करते.